मास्टरजी आणि मास्टर्स: शिवणकामाची डिग्री आली कुठून?

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा लोकलमध्ये ज्यांना रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना येणारे ‘तर’ आणि ‘म्हणजे’ थोडे काढलेत, सगळे नाही.

तर मुंबईतल्या कुठल्याही गारमेंटच्या कारखान्यात जा. तिथे एक माणूस असतो ज्याला सगळे ‘मास्टर’ किंवा ‘मास्टरजी’ म्हणतात. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, हातात खडू. कापड बेतायचं काम त्याचं. शंभर थर एकावर एक लावलेले असतात, आणि त्याने आखलेली एक रेघ चुकली तर शंभर शर्ट वाया. त्याला ‘मास्टर’ ही पदवी कुठल्या विद्यापीठाने दिलेली नसते. ती त्याला कारखान्याने दिलेली असते.

आता दुसरा मास्टर. निफ्ट, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी, इथे दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे, मास्टर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी. प्रवेशाची अट काय? तर निफ्टचीच बी.एफ.टेक. किंवा कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेची बी.ई. किंवा बी.टेक. म्हणजे मी, कॉम्प्युटरचा इंजिनिअर, ज्याला शर्टाचं तुटलेलं बटण लावायला यूट्यूब लागतं, तो अर्ज करू शकतो. वीस वर्षं कापड बेतणारा मास्टरजी करू शकत नाही.

हे वाचून मला आधी हसू आलं. मग ही अट कुठून आली ते शोधायला लागलो आणि मामला दीडशे वर्षं मागे गेला.

सुरुवात गिरण्यांपासून करू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या वाढत गेल्या. यंत्रं लँकेशायरहून यायची आणि ती समजणारी माणसंही तिकडूनच. इथली माणसं तयार करायला १८८७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. होय, तेच व्हीजेटीआय. आज नाव वीरमाता जिजाबाई, आद्याक्षरं तीच. टेक्स्टाईल हा तिथला अगदी सुरुवातीपासूनचा विषय. कापूस, सूत, माग, रंग, प्रक्रिया, सगळं शिकवायचे. पण एक गंमत लक्षात घ्या. गिरणीतून कापडाचा तागा बाहेर पडला की अभ्यास संपला. त्या ताग्याचा शर्ट कसा होतो, हा इंजिनिअरचा प्रश्नच नव्हता. ते शिंप्याचं काम. आणि शिंपी ही आपल्याकडे जात होती. जे जातीत शिकवलं जातं त्याला कॉलेज कशाला, असा एकूण हिशोब.

शिवणकाम शिकवणारी एक वेगळी खोली मात्र होती, आणि ती बायकांची होती. शिलाई मशीन तोवर आलं होतं. एलियस हाऊचं अमेरिकन पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. घरात बसून चालवता येणारं आणि चार पैसे मिळवून देणारं हे पहिलंच यंत्र असावं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, तिथे शिवणकाम शिकवलं जायचं. विधवांना आणि गरजू बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. हेतू फार मोठा होता, पण त्यामुळे शिवणकामावर जो शिक्का बसला तो आजही पुसलेला नाही: अडलेल्या बाईचं काम. तालुक्याच्या गावातला शिवण क्लास आठवा. माझी मावशी अशाच सहा महिन्यांच्या क्लासमध्ये शिकली आणि गेली तीस वर्षं ब्लाउज शिवते. तिला कोणी ‘टेक्निशियन’ म्हटलं तर तीच हसेल.

आता या दोन खोल्यांमधली एक भिंत बघा. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये त्याला १५ लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला देणगीदाराच्या आईचं नाव दिलं गेलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी! देणगी देणारे सर विठ्ठलदास ठाकरसी कोण? गिरणीमालक. म्हणजे बायकांच्या विद्यापीठामागे जो पैसा उभा राहिला तो कापडाचाच होता. पण कापडाचं तंत्र माटुंग्याला मुलं शिकत होती, आणि पुढे बायकांच्या कॉलेजांत जे आलं ते गृहविज्ञानाच्या छत्राखाली. धागे ओळखणं, कपडे धुणं-टिकवणं, शिवण, भरतकाम. त्यात शास्त्र भरपूर होतं, प्रयोगशाळाही होत्या, पुढे एम.एस्सी.पर्यंत वाट निघाली. पण नावात ‘गृह’ होतं, त्यामुळे कारखान्याच्या गेटवर त्या ज्ञानाला फार कोणी विचारलं नाही. एका खोलीत यंत्र आणि दुसऱ्या खोलीत सुई. कपडा नेमका दोन्हींच्या मध्ये पडला.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच. अजिबात नाही. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट घ्या. तिथे १९४८ मध्ये फॅशनची पहिली प्राध्यापक नेमली गेली, मॅज गारलंड. १९५६ पासून जेनी आयर्नसाइड. साठच्या दशकातलं लंडन ज्यांनी कपड्यांनी रंगवलं त्यातले बरेच जण बाईंचे विद्यार्थी, ऑसी क्लार्क त्यातलाच. मग १९६७ साली या कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःच्या पदव्युत्तर पदव्या द्यायचा अधिकार. आणि ठरलं काय? की फॅशनला पदवी द्यायची नाही. चित्रकाराला पदवी, कपडे करणाऱ्याला नाही. आयर्नसाइड बाईंनी राजीनामा दिला. मला या गोष्टीचं जास्त वाटतं ते यासाठी, की तेव्हा लंडनची फॅशन जगभर गाजत होती. काम जगाला दिसत होतं, फक्त विद्वत्ता कोणाला दिसत नव्हती.

न्यूयॉर्कने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. तिथे कपड्यांच्या धंद्यातल्या लोकांनाच चिंता लागली की आपली मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत, मग पुढचे कारागीर कुठून येणार? त्यांनी १९४४ साली फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी काढलं, एका हायस्कूलच्या वरच्या दोन मजल्यांवर, शंभर विद्यार्थी घेऊन. त्यांना हवं होतं फॅशन धंद्याचं एमआयटी. नावात ‘टेक्नॉलॉजी’ मुद्दाम आहे. तरी बॅचलर्स पदवी द्यायला १९७५ उजाडलं आणि मास्टर्सला १९७९. या संस्थेचं नाव लक्षात ठेवा, कारण निफ्ट उभं राहताना हिचंच सहकार्य घेतलं गेलं.

आता भारत, आणि इथे गोष्ट थोडी हिशोबाची होते. जरा धीर धरा.

१९७४ पासून जगात मल्टी-फायबर अरेंजमेंट नावाचा करार होता. श्रीमंत देशांना भीती होती की गरीब देशांचे स्वस्त कपडे आपला बाजार खातील. म्हणून प्रत्येक देशाला कोटा: इतके डझन शर्ट, इतके डझन ब्लाउज, त्यापुढे नाही. आपल्याकडे १९७८ मध्ये अ‍ॅपरल एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल निघाली आणि निर्यातदारांमध्ये हा कोटा वाटायचं काम तिच्याकडे आलं. आता डोकं लावा. नगांची संख्या बांधलेली असेल तर कमाई वाढवायची कशी? प्रत्येक नगाची किंमत वाढवून. म्हणजे डिझाईन हवं, सफाई हवी, माप अचूक हवं, माल वेळेत हवा. आणि हे सगळं समजणारी माणसं ना गिरणीच्या खोलीत होती ना शिवण क्लासच्या.

त्याच सुमाराला गिरण्यांची घडी विस्कटली होती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यावर स्वतंत्र भाग करावा लागेल, इथे एवढंच की कापड भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या पॉवरलूमवर सरकलं आणि परदेशी चलनासाठी सरकार तयार कपड्यांकडे बघायला लागलं. १९८६ साली दिल्लीत निफ्ट सुरू झालं. ते शिक्षण खात्याखाली आलं नाही, वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आलं. म्हणजे या शिक्षणाची गरज कोणाला होती ते स्पष्टच आहे. मुंबईचं केंद्र १९९५ चं, आता ते खारघरला आहे. रितू बेरी पहिल्या तुकडीतली, त्यामुळे लोकांच्या डोक्यात निफ्ट म्हणजे रॅम्प आणि डिझायनर असं बसलं. पण त्याच इमारतीत कपडे बनवण्याचं तंत्र शिकवणारे वर्गही होते, त्यांचे फोटो पेपरात आले नाहीत इतकंच.

आणि पदवी? ती नव्हतीच. सुरुवातीची वीस वर्षं निफ्टमधून डिप्लोमा मिळायचा. २००६ साली संसदेत निफ्टचा कायदा झाला, तेव्हा कुठे स्वतःच्या पदव्या द्यायचा अधिकार आला. जेनी आयर्नसाइड यांच्या राजीनाम्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्याच्या आधीच्या वर्षी, १ जानेवारी २००५ ला, कोटा संपला होता. आता कोणीही कितीही शर्ट पाठवू शकत होता, आणि जो स्वस्त, वेगवान आणि बिनचूक तोच टिकणार होता. कायदा आणि कोटा यांचा संबंध कुठल्या कागदावर लिहिलेला मला दिसला नाही, पण तारखा जवळ आहेत, आणि मला तरी त्या निव्वळ योगायोगाच्या वाटत नाहीत.

मग या मास्टर्समध्ये शिकतात तरी काय? मला खरी गोडी इथे लागली.

पहिला प्रश्न मार्करचा. शर्टाचे तुकडे, म्हणजे पाठ, दोन पुढे, बाह्या, कॉलर, कफ, हे सगळ्या साईझचे तुकडे कापडावर असे मांडायचे की मधली रिकामी जागा कमीत कमी राहील. कापडाचा खर्च हा कपड्यातला सगळ्यात मोठा खर्च, त्यामुळे एक टक्का वाचला तरी मोठ्या ऑर्डरमध्ये तो लाखांत जातो. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे ओळखीचं वाटतंय का? हाच तो नेस्टिंगचा प्रश्न, अल्गोरिदमच्या भाषेत अतिकठीण गटातला. मास्टरजी तो खडूने सोडवत होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी जोसेफ गर्बर नावाच्या इंजिनिअरने कॉम्प्युटरवर चालणारं कापड कापायचं यंत्र बनवलं. हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेला पोचलेला. कॉलेजमध्ये असताना त्याने आलेख मोजायची एक ताणता येणारी पट्टी तयार केली होती, आणि त्यासाठी इलॅस्टिक वापरलं होतं स्वतःच्या पायजम्याच्या नाडीच्या जागचं! कपड्यांशी त्याचा संबंध असा आधीपासूनचा.

दुसरा प्रश्न मिनिटांचा. एका शर्टात साठेक कामं, प्रत्येकाला किती सेकंद, कोणत्या मशीनवर ढीग साचतो. आमच्या भाषेत पाईपलाईन आणि बॉटलनेक. फरक एवढाच की आमचा सर्व्हर दमत नाही, मशीनवरची बाई दमते.

पण सगळ्यात खोल प्रश्न तिसरा: माप. मी ज्या ऑनलाईन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो तिथे ‘तुमची साईझ कोणती’ हे सुचवणारा एक भाग आहे. एस, एम, एल, एक्सएल. त्या अक्षरांमागे एक तक्ता असतो, आणि तो तक्ता कोणाच्या शरीरावरून आला हे टीममध्ये कोणालाच माहीत नव्हतं. आधी कोणाच्या तरी फाईलमध्ये होता, तिथून आला.

इतिहासात मात्र उत्तर आहे. १९३९-४० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. माप बसत नाही म्हणून परत येणारे कपडे ही तेव्हाही डोकेदुखी होती, विशेषतः पोस्टाने माल विकणाऱ्यांची. काम कोणी केलं? रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी. ओब्रायन बाई कृषी खात्याच्या गृहविज्ञान विभागातल्या, शेल्टन संख्याशास्त्रज्ञ. बघा, आपल्याकडे ज्या दोन खोल्या बंद होत्या त्यांचं दार तिथे उघडलं होतं. त्यांचा निष्कर्ष असा की बाईचं शरीर एका आकड्यात सांगता येत नाही, किमान दोन हवेत. बाजाराला अर्थातच एकच आकडा हवा होता. आणखी एक गोष्ट: गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशोबात धरली गेली नाहीत. १९५८ मध्ये या मापांच्या आधाराने अधिकृत मानक आलं आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. पण तक्ते असे मरत नाहीत. ते फाईलमधून फाईलमध्ये जातात.

आपल्याकडच्या रेडीमेड कंपन्यांनी बरीच वर्षं इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरले. म्हणून बाही लांब, कंबर ठीक आणि खांदा उतरलेला, हा अनुभव तुम्हालाही असेल. अलीकडे निफ्टने वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी ‘इंडियासाईझ’ हा प्रकल्प हाती घेतला: दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांचं शरीर थ्रीडी स्कॅनरने मोजायचं. हा विषय शिवण क्लासचा नाही आणि नुसत्या टेक्स्टाईल इंजिनिअरचाही नाही. त्याला संख्याशास्त्र लागतं, सॉफ्टवेअर लागतं आणि मुंढा म्हणजे काय तेही कळावं लागतं. पदव्युत्तर अभ्यासाची गरज कुठे पडते, असं मला कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

पण एक मेख आहे. मावशीची वही मी पाहिली आहे. उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. एकाच बाईची मापं लग्नाच्या वेळची, पहिल्या मुलानंतरची, पन्नाशीतली. स्कॅनर एका दिवसाचं शरीर मोजतो. वहीत वीस-वीस वर्षं आहेत. शिवाय कोणाच्या शिलाईत किती माया सोडायची, हे ती न लिहितादेखील ओळखते. हा डेटा असलेल्या वह्या गल्लोगल्ली पडून आहेत, आणि त्या लिहिणारी कुठल्याच मास्टर्सच्या अर्जात बसत नाही.

डिग्रीशिवाय हे ज्ञान पसरतच नाही, असंही नाही. १९७९ मध्ये बांगलादेशातल्या देश गारमेंट्स या नव्या कंपनीने १३० लोकांना दक्षिण कोरियाला दाएवूच्या कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवलं. कोरियाला कोटा नडत होता, म्हणून त्यांनाही नवा देश हवा होता. परत आलेल्यांपैकी बहुतेकांनी काही वर्षांत नोकरी सोडून स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे केले, आणि बांगलादेशचा कपडे उद्योग मोठ्या प्रमाणात त्यातूनच वाढला. कागदावर तो ना डिप्लोमा होता ना मास्टर्स.

आणि मग अलेक्झांडर मॅक्क्वीन. लंडनच्या टॅक्सीवाल्याचा मुलगा, सोळाव्या वर्षी शाळा सोडून सॅव्हिल रोवरच्या अँडरसन अँड शेपर्डमध्ये कोट शिवायला उमेदवार म्हणून लागलेला. आपल्या भाषेत, शिंप्याच्या हाताखाली बसलेला पोरगा. १९९० च्या सुमारास तो सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये गेला ते नोकरी मागायला. पॅटर्न कटिंग शिकवण्याची. कोर्सच्या प्रमुख बॉबी हिल्सन यांनी नोकरी दिली नाही, पण त्याचं काम बघून थेट एम.ए.ला प्रवेश दिला. बॅचलर्स नसताना. फी त्याच्या आँटीने भरली. १९९२ मध्ये त्याने पदव्युत्तर परीक्षेसाठी केलेले कपडे इझाबेला ब्लो यांनी सगळेच्या सगळे, ५ हजार पौंडांना विकत घेतले.

हिल्सन बाईंना तो प्रवेश देता आला, कारण ठरवायचा अधिकार त्यांच्या हातात होता आणि कापलेलं कापड बघून माणूस ओळखता येण्याइतकं त्यांना स्वतःला ते काम येत होतं. आपल्या ऑनलाईन अर्जात ‘पदवी’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. त्या रकान्याखाली ‘किंवा कटिंगचा दहा वर्षांचा अनुभव, प्रत्यक्ष चाचणीसह’ एवढी एक ओळ घालायची, तर सॉफ्टवेअरच्या बाजूने फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. उरलेलं काम कोणत्या खात्याचं, ते तुम्हाला कळलंच असेल.

पुढचा भाग झिपवर. हो, पँटच्या चेनवर. त्यात एक कोर्टकज्जाही आहे. भेटू.